तुमचे प्रश्न: आई म्हणते थंडी वाजतेय, स्टाफ म्हणतो सगळं नॉर्मल

प्रश्न: माझी आई ८३ वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. खोलीत तिघीजणी. आईला एसी सोसत नाही, शेजारच्या काकूंना एसीशिवाय झोप येत नाही आणि रोज रिमोटवरून वाद. स्टाफला विचारलं की पॅसेजमधल्या भिंतीवरचा आकडा दाखवतात, २५, सगळं नॉर्मल. मग आई उगाच तक्रार करतेय का?

उत्तर: नाही ताई, आई उगाच म्हणत नाहीये. पॅसेजचा आकडा पॅसेजपुरता असतो. मी आश्रमात कामाला होते तेव्हा असंच झालेलं, बाहेर २५ आणि पश्चिमेच्या खिडकीलगतच्या पलंगावर दुपारी चारला थर्मामीटर ठेवला तर ३१! त्या पलंगावरच्या आजींनी चार दिवसांत चकार शब्द काढला नव्हता, नुसत्या गप्प पडून असायच्या, आणि आम्हाला वाटायचं की बरं आहे, शांत आहेत. ते अजून मनाला लागतं.

म्हणून पहिलं काम, एक साधं डिजिटल थर्मामीटर घ्या, आर्द्रता दाखवणारं मिळालं तर उत्तमच, आणि आईच्या उशीच्या उंचीला ठेवा, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून बाजूला. पहाटे, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री असं तीनदा, आठवडाभर लिहून काढा. आकडे हातात असले की ऑफिसात बोलणं सोपं जातं. अमेरिकेत केअर होमसाठी साधारण २२ ते २७ अंश असा नियमच आहे. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश सांगते, पण म्हाताऱ्या माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हणते.

वय झालं की घाम कमी येतो, तहान लागल्याचं कळत नाही, अंगावरची चरबी आणि स्नायू कमी झाल्यामुळे थंडीही लवकर भरते. त्यात लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, बीपीच्या, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या उन्हाळ्यात अजून त्रास देतात, तेव्हा डॉक्टरांकडून यादी एकदा तपासून घ्याच, मनाने मात्र काही बंद करू नका. स्टाफ दिवसभर पळत असतो, त्यांना उकडतं, आणि पलंगावर पडून असलेल्याला त्याच खोलीत थंडी वाजते, दोघंही खरंच बोलत असतात.

रिमोटच्या वादाचं म्हणाल तर आधी पलंग बघा. एसीचा झोत थेट आईच्या डोक्यावर येत असेल तर झडप वर करायला सांगा किंवा पलंगांची अदलाबदल करा, अर्धं भांडण तिथेच मिटतं. आईला पायमोजे आणि एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ द्या. गरम पाण्याची पिशवी नको, पायाची संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतही नाही.

आणि लाईट गेले तर जनरेटरवर एसी चालतो का, हे नक्की विचारा. २०१७ मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळानंतर एका केअर होमचा एसी बंद पडला आणि १२ रहिवासी गेले. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली, बहुतेक वृद्ध, त्यानंतर तिथल्या वृद्धाश्रमांना निदान एक थंड खोली ठेवणं बंधनकारक झालं. तुमच्या आश्रमात अशी एक खोली आहे का?

प्रश्न: वडिलांना डिमेन्शिया आहे. भर उन्हाळ्यात स्वेटर काढत नाहीत, ओढला तर चिडतात. काय करू?

उत्तर: ओढू नका. त्याच रंगाचा पातळ सुती शर्ट समोर ठेवा, आंघोळीनंतर तोच द्या, आणि लोकरीचे कपडे कपाटातून हलवा. हात गार लागले म्हणून फसू नका, मानेमागे आणि छातीवर हात लावून बघा. दर तासाला दोन घोट पाणी हातात द्या (हार्ट किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारूनच), लघवी गडद होतेय का ते स्टाफला बघायला सांगा. खोली ३५ च्या पुढे गेली की नुसता पंखा पुरत नाही, ओल्या फडक्याने हात, मान पुसून मग वारा घाला. अंग तापलंय आणि एकदम बरळायला लागले किंवा ग्लानी आली तर तो उष्माघात समजा, डिमेन्शियाचं वाढलंय म्हणून थांबू नका, अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून पंखा लावा. ग्लानीत तोंडात पाणी मात्र घालू नका.