सर्व्हरवरून एसएमएस पाठवायचे आहेत, जुना फोन लावू की जीएसएम मॉडेम घेऊ?

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लिनक्स सर्व्हर आहे, चेंबरचं तापमान चढलं की बारा जणांना एसएमएस जायला हवा, आणि घरात पडलेला अँड्रॉइड फोन त्यासाठी चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मॉडेमच घ्या, म्हणजे सिम घालून सर्व्हरला जोडायचं, मेसेज पाठवणारं यंत्र. तासगाव भागात मी हीच कामं करतो आणि फोनच्या भरवशावर माल ठेवू नका असं सगळ्यांनाच सांगतो. एखाद्या ॲपने अर्ध्या तासात ३० हून जास्त एसएमएस पाठवले की अँड्रॉइड स्क्रीनवर परवानगी मागतं. बारा जणांना तीनदा इशारा गेला की ३६ झाले. रात्री दोन वाजता ते बटण कोण दाबणार? शिवाय वर्षभर चार्जरला लावून ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगू शकते.

मॉडेममध्ये सगळ्यात स्वस्त मिळतं ते सिम८०० या मॉड्यूलचं (मॉडेमच्या मुख्य भागाचं) बोर्ड. ते फक्त २जी वर चालतं आणि जिओकडे २जी नाहीच. वर, मेसेज पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. सर्व्हरच्या यूएसबी पोर्टवरून वीज दिली तर नेमकं तेव्हाच रीसेट होतं. आज नवीन घेताना ४जी घ्या: सिमकॉमचं सिम७६००ई-एच किंवा क्वेक्टेलचं ईसी२५-ई. त्या 'ई'कडे नीट बघा. 'ए' असलेलं मॉड्यूल अमेरिकेसाठी असतं, त्यात २, ४, १२ हे बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) असतात; आपल्याकडे लागणारे ३, ५, ४० नसतात. जिओचंच सिम घालायचं असेल तर नुसतं ४जी असून भागत नाही, मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) व्होल्टीची, म्हणजे ४जी वरूनच कॉल करण्याची, सोय लागते. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच सिमवरून एक एसएमएस पाठवून दाखवायला सांगा.

यूएसबी डोंगल घेणार असाल तर हायलिंक प्रकारचा नको. तो सर्व्हरला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, सीरियल पोर्ट देत नाही, मग एटी कमांड (मॉडेमला मेसेज पाठवायला सांगणाऱ्या सूचना) द्यायच्या कुठे?

अँटेना बाहेर काढता येईल असंच बोर्ड निवडा. कोल्ड स्टोरेजच्या पफ पॅनेलला (भिंतीच्या फोमच्या तक्त्यांना) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, आत रेंज मरते. केबल लांबवून अँटेना भिंतीबाहेर लावा. मॉडेमची वीज मात्र यूपीएसवरूनच घ्या. लाइट गेली की कॉम्प्रेसर बंद पडतो, आणि इशारा खरा तेव्हाच हवा असतो.

सॉफ्टवेअरला गॅमू (मॉडेमवरून एसएमएस पाठवणारा लिनक्सवरचा प्रोग्राम) पुरेसं आहे. रीबूटनंतर पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना नाव देणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहून त्याला कायमचं नाव द्या. इशारा मराठीत पाठवणार असाल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात (इंग्रजीत १६०), आणि काना-मात्राही अक्षर म्हणूनच मोजल्या जातात. 'चेंबर ३, तापमान ११, लगेच या' एवढं पुरे. एका मॉडेमला एकेक एसएमएस पाठवायला काही सेकंद लागतात. बारा जणांसाठी ते ठीक आहे. जो सगळ्यात जवळ राहतो त्याचा नंबर यादीत पहिला ठेवा.

हाच मॉडेम पुढे शेतकऱ्यांना भाड्याचे किंवा सौद्याचे मेसेज पाठवायला मात्र वापरू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार असे मेसेज डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदवलेल्या हेडरवरून, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावावरून, आणि मंजूर टेम्प्लेटनेच (ठरलेल्या मजकुरानेच) जायला हवेत. साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवले तर तो नंबरच बंद होऊ शकतो, आणि मग तुमचा तापमानाचा इशाराही गेला. ते काम एसएमएस गेटवे कंपनीला (घाऊक एसएमएस पाठवून देणाऱ्या कंपनीला) द्या.

शेवटचं म्हणजे सिमची व्हॅलिडिटी. मॉडेम धडधाकट आणि रिचार्ज संपलेला, हे फार ठिकाणी सापडतं. रोज सकाळी ९ वाजता 'यंत्रणा चालू' असा एक एसएमएस मॅनेजरला जाईल अशी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा, आणि तो आला नाही तर त्याच दिवशी जाऊन बघायचं, हे त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या.