चाळीस मिनिटं काही नाही, मग दोन बस एकदम

गेल्या अंकात विचारलं होतं, बेळगावात आणि आसपासच्या गावांत कारशिवाय तुमचं कसं चाललंय. पत्रं बरीच आली, अर्ध्याहून जास्त पार्किंगवरच भांडणारी. पाच घेतलीत.

गोवावेसच्या स्टॉपवर संध्याकाळी सहाला थांबलो की चाळीस मिनिटं काही म्हणजे काही येत नाही, आणि मग एकाच रूटच्या दोन बस एकामागं एक. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरी रिकामी. हे लोक मुद्दाम करतात काय? बायको म्हणते, पुरे झालं, आता कर्ज काढा आणि कार घ्या. काय करू? – एक वाचक, अनगोळ

मुद्दाम कोण करत नाही हो. हे सगळ्या जगात होतंय आणि त्याचं कारण एकदा कळलं की राग निम्मा कमी होतोय, निम्मा तसाच राहतोय.

बघा, स्टँडवरून दोन बस पंधरा मिनिटांच्या फरकानं सुटल्या. पहिलीच्या वाटेत रेल्वेचं फाटक पडलं, पाच मिनिटं गेली. आता पुढच्या स्टॉपवर पंधरा मिनिटांची नव्हे, वीस मिनिटांची माणसं जमलेली असतात. ती चढणार, शेवटची मावशी भाजीची बुट्टी आत ढकलणार, कंडक्टर "आत सरका, आत सरका" ओरडणार, ह्यात आणखी दोन मिनिटं. म्हणजे त्याच्या पुढच्या स्टॉपवर आणखी जास्त माणसं. मागच्या बसचं नेमकं उलटं, तिला स्टॉप रिकामे मिळतात कारण माणसं पुढचीनं उचललेली, त्यामुळं ती पळत सुटते आणि पहिलीला गाठते. एकदा का जोडी जमली की ती आपोआप सुटत नाही, शेवटच्या स्टॉपपर्यंत हातात हात घालून जाते.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम तुमच्याच स्टॉपवर तासभर थांबलो. गच्च भरलेल्या बसच्या दारात एक माणूस डबा छातीशी धरून लोंबकळत होता आणि मागच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून आरामात हात दाखवत होता, इकडं या, इकडं या. एक पण माणूस हलला नाही. पहिली सोडून दुसरीत चढायचा विश्वासच राहिलेला नाही कुणाचा, ती मधेच वळली तर?

ह्यावर उपाय अगदी साधे हायत. रूटवर दोन-तीन ठिकाणी वेळ ठरवायची आणि लवकर आलेल्या गाडीनं तिथं थांबायचं, चढायचं दार आणि उतरायचं दार वेगळं पाळायचं, तिकीट शक्यतो खालीच काढायचं. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे गाड्या वाढवायच्या. अर्ध्या तासानं एक बस असेल तर वाट बघणं सरासरी पंधरा मिनिटं, दहा मिनिटांनी असेल तर पाच. पाच मिनिटं थांबायचं असेल तर माणूस टाईमटेबल बघत बसत नाही, चप्पल घालतो आणि निघतो. एसी नसला तरी चालतंय, सीट फाटकी असली तरी चालतंय, पण कधी येणार ते कळायला पाहिजे.

आता कारचं. आठ लाखाचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं, तर हप्ता साधारण १२,८७० रुपये. रोजचे ४२९ झाले. गाडी दारात उभी असली तरी ४२९, पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग वेगळं. तेवढ्यात अनगोळातनं रोज रिक्षानं जाऊन येऊन वर वहिनींसाठी कुंदा पण आणता येईल. घरात म्हातारं माणूस असेल, रात्री-अपरात्री दवाखाना असेल, तर घ्या, मी नको म्हणणारा कोण. पण फक्त गोवावेसच्या स्टॉपवर वैताग आला म्हणून आठ लाख घालू नका. उद्या त्याच चौकात कारमध्ये बसून त्याच बसच्या मागं थांबणार तुम्ही.

शक्ती योजनेनं बस फुकट झाली पण सकाळी कॉलेजच्या टायमाला आमच्या स्टॉपवर थांबवतच नाहीत, पुढं नेऊन थांबवतात, आम्ही पळायचं. शिवाय पाटी सगळी कन्नडात, माझ्या आजीला वाचता येत नाही. – एक विद्यार्थिनी, येळ्ळूर

बाळ, पळताना सांभाळून, पहिलं हे.

११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट झाला. फुकट असला तरी तिकीट निघतंयच, शून्य रुपयाचं, कारण त्या शून्याच्या तिकिटांवरच सरकार महामंडळाला पैसे भरतं. म्हणून तिकीट न घेता बसू नकोस, तुझं शून्य म्हणजे तुझ्या गावच्या बसचा हिशोब आहे. गावच्या बायकांनी मिळून तारीख, वेळ, गाडीचा नंबर असं पंधरा दिवस वहीत लिहून काढा आणि डेपोत नेऊन द्या. "नेहमी असंच करतात" ह्या वाक्याला कुणी दाद देत नाही, वहीला द्यावी लागते.

पाटीचं म्हणशील तर मी त्या जुन्या वादात इथं शिरत नाही, त्याला अख्खा अंक पुरणार नाही. कन्नड राहू दे, सोबत मराठी पाहिजे हे माझं मत. पण आजीसाठी आज काय? मोठ्या अक्षरातला नंबर आणि रूटला एक रंग, एवढं केलं तर ज्याला कुठलीच लिपी येत नाही त्याचं पण भागतं, आणि अशी माणसं दोन्ही भाषांत आहेत.

खडे बाजारात आमचं तीन पिढ्यांचं कापड दुकान. गाड्या बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या गल्ल्यावर बसून दाखवावं. रस्ता रुंद करा, पार्किंग द्या, प्रश्न मिटला. – एक व्यापारी

शेटजी, राग समजतो. पण एक हिशोब करू. मोकळ्या जागेत एका कारला वळवायच्या जागेसकट २३ चौरस मीटर धरतात, म्हणजे जवळजवळ अडीचशे स्क्वेअर फूट. खडे बाजारात अडीचशे फुटाचा गाळा काय भावानं जातो ते तुम्ही मला सांगा. तेवढी जागा आपण एका गिऱ्हाईकाला तासभर फुकट देतोय, आणि बऱ्याचदा ती गाडी गिऱ्हाईकाची नसतेच, शेजारच्या दुकानदाराची असते! (तुमची नसेल, मी आपलं बोललो.)

रुंद करून मिटतंय म्हणता, तर अमेरिकेत ह्यूस्टनला केटी फ्रीवे म्हणून रस्ता आहे, २००८ मध्ये रुंद केला, काही ठिकाणी सगळ्या मिळून २६ लेन. थोडी वर्षं बरं चाललं, मग प्रवासाचा वेळ पुन्हा वाढला, कारण रस्ता मोकळा दिसला की लोक आणखी गाड्या काढतात. २६ लेनला जमलं नाही, खडे बाजारला कुठलं जमतंय.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, दिवसभर गाड्या बंद. आणि पुण्याला तरी कशाला जायचं, गणपतीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत तुमची गाडी शिरते काय? आणि वर्षात सगळ्यात जास्त धंदा कधी होतो? कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही. महिन्यातला एक रविवार करून बघा, माल उतरवायला सकाळी नऊच्या आत मुभा ठेवा, म्हाताऱ्यांसाठी रिक्षा सोडा, आणि गल्ला मोजा. कमी भरला तर मला ह्याच पानावर शिव्या घाला, छापतो.

हुबळी-धारवाडला चिगरी बस पळतात, आपल्याला का नाही? – एक वाचक, शहापूर

चिगरी म्हणजे कन्नडात हरिण, नाव झकास आहे. पण हुबळी आणि धारवाड ही दोन शहरं एका सरळ रस्त्यावर, साधारण २२ किलोमीटर. मधोमध बससाठी वेगळी लेन, मधेच स्टेशन, तिकीट आधीच, म्हणून फलाटाला लागल्या लागल्या माणसं चढतात. बेळगाव तसं नाही. खानापूर, सांबरा, हिंडलगा, वडगाव, चारी बाजूंनी रस्ते येतात आणि मधल्या गल्ल्यांत गुंततात. तिथं लेन आखायला जागा कुठली. आपल्याला हरिण नको, दर दहा मिनिटांनी येणारी शेळी पुरे.

मी शिनोळीची, रोज बेळगावला कामाला. आमच्या एसटीत अर्धं तिकीट, तुमच्या बसमध्ये बायका फुकट, मला मात्र पुरे पैसे. हे कसं? – एक वाचक

ताई, एसटीची बायकांची ५० टक्के सवलत मार्च २०२३ पासूनची, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. हद्द संपली की पुढचं पूर्ण भाडं. आणि शक्तीला कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. तुमचा पत्ता शिनोळीचा, महाराष्ट्रातला, म्हणजे हद्दीपलीकडच्या बाची गावापासून पुढं तुम्ही पाहुण्या. शिनोळीतनं निघणारी एसटी आणि बाचीच्या पुढं धावणारी वडाप (सीटवर पैसे घेणारी खासगी जीप) ह्यांचं भाडं एकदा जोडून बघा, कधी कधी सीमेवर उतरून बदलणं स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात छत्री घेऊन फाट्यावर उभं राहायला लागतं आणि तिथं शेड आहे तिच्यात शेळ्या बसलेल्या असतात. पास काढायचा असेल तर कंडक्टरला विचारू नका, डेपोच्या खिडकीवर जा आणि हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पैसे त्यात धरलेत का ते वेगळं विचारून घ्या.