प्रशिक्षण झाले, आता शाळा विकास आराखड्यात काय लिहावे?

प्रश्न : पाटण तालुक्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग असून दोनच शिक्षक आहेत. तालुक्याला शाळा सुरक्षेचे प्रशिक्षण झाले, त्यानंतर शाळेत एकदा मॉक ड्रिल (संकटात बाहेर पडण्याचा सराव) झाले आणि त्याचे फोटो वर पाठवण्यात आले. शाळा विकास आराखड्यात मात्र सुरक्षेबाबत 'सीसीटीव्ही व अग्निशामक यंत्र' एवढीच ओळ आहे. पालकांनी आणखी काय मांडावे? – एक पालक, जि. सातारा

उत्तर : हा विषय पूर्णपणे आपल्या समितीच्या अधिकारातला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २२ नुसार आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे, आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेसाठी करायच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधारही तोच आराखडा असतो. जी त्रुटी त्यात लिहिलीच गेली नाही, तिच्यासाठी पुढे निधी मागताना समितीच्या हातात कागद राहत नाही.

मॉक ड्रिल पुन्हा घ्यायला सांगा आणि त्या वेळी दोन पालकांनी वही घेऊन दाराशी उभे राहावे. मुले कुठे अडतात, एवढेच पाहायचे. वर्गाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. पुढची मुले आपापली चप्पल शोधायला वाकतात आणि मागची त्यांच्यावर येऊन आदळतात. दाराची एकच फळी उघडते, कारण दुसरीची खालची कडी गंजलेली असते. पडवीत तांदळाची पोती रचलेली असतात. वीज गेलेली असेल तर विजेवरची घंटा वाजतच नाही. या प्रत्येक गोष्टीची आराखड्यात स्वतंत्र ओळ व्हावी आणि तिच्यापुढे काम कोणाचे, कधीपर्यंत आणि खर्च किती हे लिहिलेले असावे. चपला भिंतीकडेला ओळीने ठेवणे किंवा पोती हलवणे याला पैसा लागत नाही; ही कामे त्याच आठवड्यात संपवावीत, म्हणजे उरलेल्या मागण्यांना वजन येते.

द्विशिक्षकी शाळेची खरी अडचण प्रशिक्षणात सहसा चर्चेला येत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने मांडतो. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद, बैठक किंवा रजा यांमुळे अनेक दिवशी शाळेत एकच शिक्षक असतो. दोन्ही शिक्षक हजर असताना यशस्वी झालेले ड्रिल त्या दिवशी उपयोगी पडेलच असे नाही, म्हणून निदान एक ड्रिल एकाच शिक्षकावर घेतले पाहिजे. चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांचा हात धरायचा, हजेरीपट शिक्षकांनी सोबत न्यायचा आणि मैदानावर पट मोजायचा. अपंग विद्यार्थी असेल तर त्याला कोण आणणार, हे नावानिशी ठरलेले असावे. अशा दिवशी शाळेत असणारी दुसरी मोठी व्यक्ती म्हणजे पोषण आहार शिजवणारी ताई. गॅसची शेगडी आणि सिलिंडर तिच्याच हाताखाली असतात, तरी प्रशिक्षणाला तिला बोलावले जात नाही, हे मला गंभीर वाटते. रेग्युलेटर बंद करणे, अग्निशामक यंत्राची पिन काढणे आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे पाहणे तिला प्रत्यक्ष करून दाखवले पाहिजे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा जीव गेला. ती आग स्वयंपाकघराच्या गवती छपरातून पसरली होती.

आपला तालुका कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप पहाटे झाले, तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. भरलेल्या शाळेची तयारी आपल्याला म्हणूनच अधिक जाणीवपूर्वक करावी लागेल. 'बाकाखाली जा' ही सूचना बसकरपट्ट्यांवर बसणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांना लागू पडत नाही. त्यांनी कपाट आणि खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीलगत गुडघ्यांवर वाकून दोन्ही हातांनी डोके व मान झाकावी आणि हादरे थांबल्यावरच बाहेर पडावे. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने जखडणे हे किरकोळ खर्चाचे काम शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून करता येईल.

एखादी खोली धोकादायक वाटत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे बांधकाम विभागामार्फत तपासणीची लेखी मागणी करा, पोच घ्या आणि निर्णय होईपर्यंत तिथे वर्ग भरवू नका. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात, पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा जीव गेला.

सीसीटीव्हीला माझा विरोध नाही. परंतु मुलाने काही सांगितले तर ऐकून घेणारे माणूस शाळेत हवे. त्यासाठी मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमलेल्या सखी सावित्री समितीच्या बैठका खरोखर होतात का, तक्रारपेटी कोण उघडते आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना दिसेल असा लावला आहे का, हे तपासा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शाळेने आपसांत मिटवण्याचा तो विषय नाही.

प्रश्न : मॉक ड्रिलच्या वेळी पहिलीची मुले रडतात. त्यांना वगळावे का? – एक शिक्षिका

उत्तर : वगळू नये. आदल्या दिवशी त्यांना सर्व सांगावे, घंटेचा तो वेगळा ठोका ऐकवावा आणि डोके झाकून बसणे परिपाठानंतर खेळासारखे घ्यावे. खोटा धूर किंवा आरडाओरडा टाळावा. पालकांनाही आधी कळवावे, म्हणजे घरी मूल सांगू लागले की त्यांना विषय माहीत असेल.