पोट कमी करायचंय, पण पोटातलं नेमकं काय?

"मॅडम, लायपो स्वस्तात बसतंय, चार दिवसांत कामावर जाता येतंय. टमी टकला लई मोठी चीर पडती म्हणं. कुठलं करू तेवढं सांगा."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत बसून त्यांनी वहीचं पान पुढे केलं. लायपो म्हणजे लायपोसक्शन, नळीने चरबी ओढून काढणं; टमी टक म्हणजे पोटाची जादा कातडी कापून उरलेली ताणून शिवणं. दोन दवाखान्यांचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय 36, दोन मुली, दोन्ही सिझेरियन. महाद्वार रोडजवळ साड्यांच्या दुकानात काम. महिन्याभरापूर्वी एका गिऱ्हाइकाने मायेनंच विचारलं होतं, "कितवा चाललाय?" हे सांगताना पर्स त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

मी सर्जन नाही, कुठलं ऑपरेशन करा हे सांगणं माझं काम नाही. पण हा प्रश्न इतक्या जणी विचारतात, की आधी एवढं तरी कळायला हवं: पोट सुटतं ते चरबीने, सैल कातडीने की स्नायूंनी? लायपोची नळी ओढते ती फक्त कातडीखालची चरबी. आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत ती पोचतच नाही, आणि वजन उतरवायचा तो उपायही नव्हे. कातडी सैल असेल तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबू शकते. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात, काहींचे पुन्हा जवळ येत नाहीत. ते लायपोने शिवले जात नाहीत.

"घरी उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघा," मी म्हटलं. पुढच्या खेपेला त्या दारातूनच म्हणाल्या, "मधे उंचवटा येतोय, आणि तीन बोटं आत जात्यात." म्हणजे स्नायू अजून फाकलेले असावेत. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी केलेल्या डॉक्टरांकडेच जा आणि हर्निया नाही ना, हेही तपासून घ्या, असं मी बजावलं.

हर्निया नव्हता. सर्जनचं मत पडलं, नुसत्या लायपोने भागणार नाही. टमी टक, त्यातच स्नायूंची शिवण. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ओटीपोटावर कायमचा व्रण, ताणलेल्या कातडीत नवं छिद्र करून बेंबीभोवती टाके, सुरुवातीला आत साचणारं पाणी काढायला नळ्या, मग काही आठवडे पोटाला पट्टा आणि साधारण दीड महिना जड उचलायचं नाही. पुढे मूल हवं असेल तर आत्ता करू नका, हेही त्यांनी सांगितलं, कारण गरोदरपणात सगळं पुन्हा ताणतं.

इथेच त्या अडल्या. सासूबाईंना नातू हवा होता, आणि ऑपरेशनचं तर नवऱ्यालाही माहीत नव्हतं. दोन भेटी या एकाच गोष्टीत गेल्या. माझ्या मते खरा निर्णय हाच होता, चिरेचा नव्हे. त्यानंतरच्या भेटीला त्या नवऱ्याला घेऊन आल्या. तो बराच वेळ खाली बघत बसला, मग म्हणाला, "दोनच बास. आईशी मी बोलतो."

उठता उठता त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांना एक सांगितलं न्हाई. मिश्री लावतो मी, दोन्ही येळेला." लाजेपायी हे लपवतात, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. तंबाखूतल्या निकोटिनमुळे कातडीला रक्त कमी पोचतं. टमी टकमध्ये कातडी सोडवून ताणून शिवलेली असते; तिला रक्त कमी पडलं तर जखम लवकर भरत नाही, कडा काळ्या पडू शकतात. निदान महिनाभर आधी सुटलीच पाहिजे. त्यांनी माझ्यासमोरच सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला आणि सांगून टाकलं.

तारीख आधी मे महिन्यातली ठरली होती, ती त्यांनी दिवाळीनंतर ढकलली. उन्हाळ्यात पट्ट्याने उकडेल म्हणून, आणि गडहिंग्लजहून आई दीड महिना राहायला येऊ शकते ती तेव्हाच. तोवर फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम चालू आहेत. त्यातून पोट पुरेसं आवळलं तर तारीख रद्द करायची, हेही पान उलटून त्यांनी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलंय.