फळ्या आणण्याआधी कोबा तपास

जमिनीवर घालायच्या लॅमिनेटच्या (लाकडासारख्या दिसणाऱ्या दाबीव थरांच्या) फळ्यांचा रंग नंतर निवड, आधी खालचा कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, बघ. गोव्यात फोंड्याकडची चिऱ्यांची जुनी घरं पावसाळ्यात जमिनीतली ओल ओढतात. वरून कोरडं दिसतं ते आतून कोरडं असेलच असं नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक कोब्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून दिवसभर ठेव. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर काम थांबव. ही परीक्षा जुलैत घे, मे महिन्यात सगळेच पास होतात! मी मेमध्ये लॅमिनेट घातलं होतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाहुण्यांसमोर सांधे फुगून वर आले.

नवा कोबा 28 दिवसांचा झाला म्हणजे सुकला असं समजू नको, तो आकडा सिमेंटला ताकद येण्याचा, सुकण्याचा नव्हे.

मग हातोडीने हलकेच ठोकत जा. पोकळ वाजेल तो भाग उखडून पुन्हा भर. 10 फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फिरव. खाली 5 मिलिमीटरहून जास्त फट नको. उंचवटे घास, खळगे प्रायमर मारून सेल्फ लेव्हलिंगने (आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भर.

मेण लावलेली लाल कोब्याची जमीन असेल तर मेण पूर्ण काढ, नाहीतर वरचं काहीच धरत नाही. खरं सांगू? ती धड असेल तर झाकूच नको.