ठेव मोडावी की टॉप-अप कर्ज घ्यावे? गावभागातील एका कुटुंबाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : आम्ही सांगलीच्या गावभागात स्वतःच्या जुन्या घरात राहतो. सासूबाई, आम्ही दोघे, येत्या जूनमध्ये दहावीत जाणारी मुलगी आणि पाचवीतला मुलगा असे आमचे कुटुंब आहे. दोघांचे मिळून 64,000 रुपये हातात येतात. त्यांतून घरखर्च 41,000, गृहकर्जाचा हप्ता 9,000 आणि पीपीएफ व सुकन्या समृद्धी मिळून 5,000 जातात. पतसंस्थेत 7 लाखांची ठेव असून तिची मुदत फेब्रुवारीअखेर संपते. बँकेत 90,000 आहेत. या वर्षी गळका स्लॅब (1,40,000), विजेची जोडणी वर घेणे (60,000), नवे मॉड्युलर स्वयंपाकघर (3,50,000), सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन (1,50,000), सर्वांची गोकर्णपर्यंतची सहल (80,000) आणि मुलीचा क्लास (45,000) असे 8,25,000 रुपये लागतील. ठेवीवर साडेनऊ टक्के मिळतात आणि बँक 9 टक्क्यांनी टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे. त्यामुळे 5 लाखांचे कर्ज 10 वर्षांसाठी घ्यावे आणि ठेवीतून सव्वातीन लाखच काढावेत, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण आकडे इतके नीट मांडून पाठवले आहेत की उत्तर देणे सोपे झाले. माझे मत स्पष्टच सांगतो : टॉप-अप घेऊ नये, ठेव मुदत संपताच काढून घ्यावी आणि या यादीतील स्वयंपाकघराचा बराचसा भाग पुढे ढकलावा.

कर्जापेक्षा ठेवीला व्याज जास्त, हा युक्तिवाद कागदावर बरोबर दिसतो. पण आपल्या योजनेप्रमाणे पतसंस्थेत पावणेचार लाख शिल्लक राहतील आणि त्यांवरचा अर्धा टक्का म्हणजे वर्षाला 1,875 रुपये. एवढ्या फायद्यासाठी आपण 10 वर्षे दरमहा सुमारे 6,330 रुपयांचा हप्ता मागे लावून घ्याल आणि एकूण 2,60,000 रुपयांच्या आसपास व्याज भराल. आज सर्व वजा जाता आपल्या हातात 9,000 रुपये उरतात, ते 2,700 च्या खाली येतील, आणि तेही नेमके मुलगी अकरावी-बारावीला असताना.

ठेवीला मिळणारा जादा दर हा जोखमीचा मोबदला असतो, हे इथे विसरता कामा नये. बँकेतील ठेवींना, आणि त्यांत सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते; ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखावरून वाढवण्यात आली. पतसंस्था ही बँक नसल्यामुळे तिच्यातील ठेवींना हे संरक्षण लागू होत नाही. आपली पतसंस्था उत्तम चाललेली असेलही, तिच्याविषयी मला काही सुचवायचे नाही. परंतु माझ्या वडिलांनी निवृत्तीची जवळजवळ सगळी रक्कम ओळखीच्या माणसांवर विसंबून एकाच पतसंस्थेत ठेवली होती, आणि ती अडकल्यावर घरातली लग्नेसुद्धा कशी लांबली हे मी पाहिले आहे. म्हणून कुटुंबाची जवळपास नऊ-दशांश शिल्लक एकाच पावतीवर असलेली पाहिली की मला स्वस्थ बसवत नाही.

आता घराच्या कामांकडे येतो. स्लॅबचे काम सर्वांत आधी, मार्च-एप्रिलमध्येच धरावे. जुना थर उखडून नवा कोबा घातल्यावर त्यावर काही दिवस पाणी साठवून ठेवावे लागते आणि गळती राहिली आहे का हे तेव्हाच कळते. मृगाच्या तोंडावर हे काम काढले तर ही पारख करायला उसंत मिळत नाही. गवंड्याला शेवटची 20 टक्के रक्कम पहिला जोरदार पाऊस झाल्यावर देण्याचे आधीच ठरवून घ्यावे. छतावर सौर पॅनेल बसवण्याविषयी आपण ओझरते विचारले आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान आहे. तरीही कोबा एक पावसाळा टिकल्याशिवाय त्यावर सांगाडा उभा करू नये.

विजेची जोडणी वर घेण्याच्या 60,000 रुपयांत काटकसर करू नका. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. त्या वेळी आपल्या स्वयंपाकघरात कमरेइतके पाणी होते, असे आपणच लिहिले आहे. 2021 च्या जुलैमध्येही आपल्याला सामान माडीवर न्यावे लागले. ज्या खोलीत दोन वर्षांच्या अंतराने नदीची धास्ती घ्यावी लागली, त्या खोलीत साडेतीन लाखांचे प्लायवूड बसवणे मला पटत नाही. प्लायवूड एकदा भिजून फुगले की दारे बंद होत नाहीत, आणि मग ते सगळे काढून टाकण्याचाच खर्च येतो. आपल्या आजेसासूबाईंच्या काळातली कडप्प्याची फडताळे पाणी ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता येत होती, आणि आजही तोच मार्ग शहाणपणाचा आहे. ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याचे कप्पे, स्टीलच्या मोजक्या ट्रॉल्या, नवे सिंक आणि नळजोड एवढे 1,20,000 रुपयांत बसवावे. वरची कपाटे दोन वर्षांनी शिलकीतून करता येतील. रोज त्या ओट्यापाशी आपण उभ्या राहता आणि चांगल्या स्वयंपाकघराची वाट आपण 14 वर्षे पाहिली आहे, हे पत्रात वाचल्यामुळे हा सल्ला देताना मला जड जाते, तरीही तो बदलावासा वाटत नाही.

याच अनुषंगाने विम्याचे पाहावे. गृहकर्ज देताना बँकेने घराचा विमा काढला असेल, तर त्यात पुराचा समावेश आहे का आणि घरातील सामान धरले आहे का हे पॉलिसी हातात घेऊन वाचावे. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात पूर धरलेला असतो आणि इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातील सामान आपोआप येते. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरवावी, जागेची किंमत त्यात धरू नये. मे महिन्यात घरातील वस्तूंची छायाचित्रे काढून ती मोबाइलखेरीज बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावीत, म्हणजे दाव्याच्या वेळी पुरावा हाताशी राहतो.

सहलीच्या रकमेला मी हात लावणार नाही. एक्याऐंशीव्या वर्षात पाऊल टाकलेल्या आईंना नातवंडांसह समुद्र पाहायचा आहे, त्यांचे गुडघे आज साथ देत आहेत आणि मुलीचे दहावीचे वर्ष जूनमध्ये सुरू होईल. म्हणजे एप्रिल-मे हाच काळ हाती आहे. स्वयंपाकघराला दोन वर्षांनीही मुहूर्त मिळेल, या सहलीचे तसे नाही. सहस्रचंद्रदर्शनाबाबत मात्र अडीचशे माणसांचे मंगल कार्यालय हवे कोणाला आहे, हे एकदा आईंनाच विचारावे. घरच्या घरी शांत, औक्षण, तुला आणि जवळच्या साठ-सत्तर जणांचे जेवण 70,000 रुपयांत होऊ शकते. त्यांना कार्यालयातलाच कार्यक्रम हवा असेल, तर सहलीचे पैसे न तोडता स्टीलच्या ट्रॉल्या मागे ठेवाव्यात.

यानुसार ठेवीतून 4,70,000 रुपये खर्च होतील आणि 2,30,000 उरतील. बँकेतील 90,000 धरून 3,20,000, म्हणजे हप्त्यासह सहा महिन्यांहून थोडा अधिक खर्च हाताशी राहील. ही रक्कम बँकेतच, दोन-तीन लहान मुदत ठेवींत विभागून ठेवावी, म्हणजे गरज पडली तर एकच पावती मोडावी लागेल. क्लासची फी हप्त्यांनी भरता येत असल्यामुळे ती दरमहाच्या 9,000 तून भागेल. पीपीएफमधून काढण्याची सोय असली तरी तो आणि सुकन्या मुलीच्या पुढील शिक्षणासाठी आहेत, त्यांना या वर्षी हात लावण्याचे कारण नाही.

पतसंस्थेत मात्र मुदत संपण्याच्या किमान 15 दिवस आधी, ठेवीचे नूतनीकरण करू नये आणि रक्कम बँक खात्यात जमा करावी असा लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पावती दोघांच्या नावे असेल तर अर्जावर दोघांच्याही सह्या असाव्यात. रक्कम खात्यात आल्यानंतरच गवंड्याला इसार द्यावा.