कांजीस्किप बदलली तरी अक्षरं जागची हलत नाहीत

तुमची अडचण अशी: परिच्छेदातल्या एकाच जपानी वाक्यातली अक्षरं सुटी करायला महिरपी कंसात कांजीस्किप (लगतच्या दोन जपानी अक्षरांमधली फट ठरवणारी किंमत) वाढवली, पीडीएफमध्ये ढिम्म फरक नाही. तीच ओळ प्रीअँबलमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या सेटिंगच्या भागात नेली, तरी नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पीटेक, म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची जपानी आवृत्ती, मजकूर वाचताना कांजीस्किपकडे बघतच नाही. परिच्छेद संपताना जी किंमत चालू असेल, ती अख्ख्या परिच्छेदाला लावतं. तुमचा कंस तोवर मिटलेला असतो आणि जुनी किंमत परत आलेली असते. पूर्ण परिच्छेद सुटा हवा असेल तर कंस मिटण्याआधी ‘पार’ ही परिच्छेद संपवणारी आज्ञा लिहा. एखाद्या शब्दापुरतं हवं असेल तर एचबॉक्स ही आडवी डबी करा आणि किंमत आतच द्या. मात्र ही डबी ओळीच्या शेवटी तुटत नाही, तेव्हा अख्खं वाक्य तिच्यात कोंबू नका. लुआटेक-जेए या लुआटेकवर जपानी लिहिण्याच्या पॅकेजमध्येही नियम हाच, फक्त किंमत एलटीजेसेटपॅरामीटर या आज्ञेतून द्यायची. माझी एक पूर्ण संध्याकाळ यात गेली आहे.

आता प्रीअँबल. जेएसआर्टिकल या जपानी लेखांच्या डॉक्युमेंट क्लासमध्ये फाँटचा आकार बदलणारी प्रत्येक आज्ञा कांजीस्किप नव्याने भरते: 0 झेडडब्ल्यू (1 झेडडब्ल्यू म्हणजे एका जपानी अक्षराची रुंदी), अधिक 0.1 (ताणायची मुभा), उणे 0.01 (आकसायची मुभा). बिगिन-डॉक्युमेंट स्वतःच नॉर्मलसाइज ही आकाराची आज्ञा चालवतं, की तुमची किंमत पुसली गेली. म्हणून ती त्यानंतर लिहा. मध्ये कुठे ‘स्मॉल’ वापरलंत तर पुन्हा लिहावी लागेल.

तो ‘अधिक’ भाग शून्य मात्र करू नका. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ दोन्ही कडांना टेकवायची तर ताण अक्षरांमधल्या फटींनीच घ्यायचा. 40 अक्षरांच्या ओळीत 39 फटी, प्रत्येकी 0.1 म्हणजे जवळपास चार अक्षरांची सवलत. ती काढलीत की अंडरफुलच्या, म्हणजे ओळ नीट न भरल्याच्या इशाऱ्यांनी लॉग भरतो.

जपानी आणि रोमन अक्षरांमधली फट एक्सकांजीस्किपची, या क्लासमध्ये 0.25 एम (1 एम म्हणजे साधारण फाँटच्या आकाराइतकी रुंदी). तिथे स्पेसबार दाबलात तर ती येत नाही, साधी शब्दांमधली जागा येते: 10 पॉइंटच्या कॉम्प्युटर मॉडर्न फाँटमध्ये 2.5ऐवजी 3.33 पॉइंट. तुमच्या नमुन्यात दोन्ही प्रकार आहेत, म्हणून ते पान डोळ्यांना खटकतं. आधी ते स्पेस काढा.

आणि ‘मोकुजी’ (अनुक्रमणिका) या दोन अक्षरी मथळ्यासाठी यातलं काहीच नको. मध्ये 1 झेडडब्ल्यूची एचस्पेस, म्हणजे आडवी मोकळी जागा घाला.